सरकत्या बार्न डोअरचं सामान: आधी भिंत, मग चाकं

बार्न डोअरचा संच मुळात अमेरिकेतल्या शेतावरच्या कोठारांचा. गवताने भरलेली गाडी आत जाईल एवढं रुंद दार बिजागऱ्यांवर तोलणं अवघड, शिवाय उघडं राहिलं की वारा ते आपटणार. म्हणून वर लोखंडी पट्टी, पट्टीवर चाकं आणि चाकांना लटकलेलं दार. तोच प्रकार पुढे तिथल्या घरांमध्ये आला आणि आता आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही दिसतो.

घोळ होतो तो इथेच. पट्टीतली भोकं आणि सोबतचे स्क्रू अनेकदा अमेरिकन भिंतीच्या हिशोबाने दिलेले असतात. तिथे भिंतीच्या आत दर १६ इंचांवर उभे लाकडी खांब असतात आणि स्क्रू सरळ त्या लाकडात जातो. आपल्याकडे वीट, एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) नाहीतर काँक्रीट, आणि त्यावर प्लास्टर. दार बिघडलं की लोक चाकांकडे बघतात. खरी गडबड बहुतेक वेळा भिंतीतल्या पकडीत किंवा मापात असते.

खोक्यात काय काय असतं

पट्टी साधारण ४० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड, दोन मीटर किंवा त्याहून लांब. लांब पट्टी कधी दोन तुकड्यांत येते. जोड मधल्या भोकापाशी असेल आणि मागे जोडपट्टी असेल तरच ती घ्यावी, नाहीतर चाक दर खेपेला जोडावर ठेचकाळतं.

पट्टी भिंतीपासून पुढे धरायला प्रत्येक भोकामागे एक पोकळ नळी येते, तिला स्पेसर म्हणतात. पट्टीवर चालतात ते हँगर: खाली दाराला बोल्टने बसणारी लोखंडी पट्टी आणि वर खाचेचं चाक. चाक नायलॉनचं असेल तर आवाज कमी, लोखंडी असेल तर घरघर जास्त. दोन्हीत बंद बेअरिंग आहे ना, हे चाक बोटाने फिरवून बघा. खडखडलं किंवा डुगडुगलं तर परत करा.

पट्टीच्या दोन्ही टोकांना दार थांबवणारे स्टॉपर लागतात. दाराच्या वरच्या धारेवर दोन छोट्या चकत्या बसतात. दार खालून उचललं गेलं तर त्यांची कड पट्टीच्या खालच्या धारेला अडते आणि चाक पट्टीवरून उतरत नाही. खोक्यात सर्वांत बिनमहत्त्वाच्या दिसतात त्या याच चकत्या, आणि घाईत त्याच राहून जातात. त्या नसतील तर खेळणाऱ्या मुलाच्या धक्क्यानेही दार उडू शकतं. शेवटचा भाग म्हणजे जमिनीवरचा गाइड. तो दाराचा खालचा भाग भिंतीजवळ धरून ठेवतो, वजन मात्र अजिबात पेलत नाही.

दार किती मोठं, पट्टी किती लांब

दार भिंतीतल्या मोकळ्या जागेपेक्षा, म्हणजे उघडण्यापेक्षा, मोठं हवं. दोन्ही बाजूंना ५०-५० मिमी आणि वर ३० ते ४० मिमी झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर कडेच्या फटीतून आतलं सगळं दिसतं. ९०० मिमी रुंद उघडण्याला १००० मिमीचं दार. खाली फरशीपासून १० ते १२ मिमी मोकळं सोडा. पट्टी दाराच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे इथे २००० मिमी. सरकण्याच्या बाजूलाही तेवढी मोकळी भिंत हवी.

ही मोकळी भिंत नीट बघून घ्या. आपल्या घरांत दिव्यांचा स्विचबोर्ड नेमका चौकटीला लागून असतो. दार उघडलं की बोर्ड त्यामागे जातो आणि बटणं दाराला घासतात. बोर्ड हलवणं किंवा दार दुसऱ्या बाजूला सरकवणं, हे दोनच मार्ग. दाराच्या वरच्या धारेपासून छतापर्यंत किंवा पीओपीपर्यंत किमान १५० ते २०० मिमी जागा लागते, कारण चाक पट्टीच्या वर असतं आणि दार चढवताना ते आणखी वर उचलावं लागतं.

वजनाचा अंदाज आधी काढा. ७ फूट बाय ३ फुटांचं ३२ मिमी जाडीचं भरीव फ्लश डोअर (दोन्ही बाजू सपाट असलेलं लाकडी दार) साधारण ३० ते ४० किलो भरतं. त्याच उंचीचं, एक मीटर रुंद आणि ४० मिमी जाडीचं सागवानी दार ५५ किलोच्या आसपास जातं. काच घालणार असाल तर जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो धरा. संचावर लिहिलेल्या क्षमतेच्या काठावर जाऊ नका.

भिंत आणि दार यांतली फट

हे गणित न करता सामान मागवलं की दार स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला, घासतं. हँगरची पट्टी दाराच्या पुढच्या अंगाला असते आणि दाराची जाडी भिंतीच्या दिशेला जाते. म्हणून मागची फट अशी निघते: स्पेसरची लांबी, अधिक पट्टीची जाडी, अधिक पट्टी आणि हँगर यांमधलं अंतर, वजा दाराची जाडी. स्पेसर ३५, पट्टी ६, अंतर ५ आणि दार ३५ मिमी असेल, तर ३५ + ६ + ५ − ३५ = ११ मिमी. टाइलचं स्कर्टिंगच १० ते १२ मिमी पुढे आलेलं असतं. म्हणजे घासलंच. चौकटीभोवती मोल्डिंग (शोभेची पट्टी) ठोकलेलं असेल तर दार अडणारच. पट्टी आणि हँगर यांमधलं अंतर संचागणिक बदलतं, ते आपल्या हातातल्या सामानावरच मोजा.

उपाय म्हणजे पट्टीमागे लाकडी हेडर. पट्टीएवढी लांब, पाच-सहा इंच रुंद आणि २५ मिमी जाड पक्क्या लाकडाची सरळ फळी. वरच्या उदाहरणात फट लगेच ३६ मिमी होते. ती जास्त वाटली तर २० मिमीचे स्पेसर वापरा, २१ मिमी उरते. मात्र स्पेसर याहून आखूड करण्याआधी चाकाची मागची बाजू हेडरला लागत नाही ना, ते बघा.

भिंतीत पकड

हेडरचा खरा फायदा फटीचा नाहीच. पट्टीची भोकं ठरलेली असतात, ती कुठे येतील हे आपल्या हातात नसतं. हेडर मात्र भिंतीला कुठेही भोक पाडून घट्ट करता येतो. उघडण्याच्या वर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतो, पण तो सहसा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचच पुढे गेलेला असतो. पट्टी दुप्पट लांब, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी विटांवर किंवा ब्लॉकवर येते. उघडं दार उभं राहतं तेही याच कमजोर अर्ध्यावर. लिंटेलमध्ये ड्रिल सळईला अडला तर जोर लावू नका, भोक थोडं वर घ्या. हेडर असला तर ते जमतं.

काँक्रीटमध्ये एम८ चा (८ मिमी बोल्टचा) अँकर फास्टनर, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगून बसणारा बोल्ट, चालतो. भरीव विटेत १० मिमीचा लांब नायलॉन प्लग आणि त्याच्या जोडीचा स्क्रू. एएसी ब्लॉकमध्ये फुगणारा लोखंडी अँकर वापरू नका, ब्लॉक ठिसूळ असल्याने आवळताना आतून फुटतो. तिथे एएसीसाठीचेच नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेले) लागतात, आणि भोक ड्रिलचा हॅमर बंद ठेवून पाडायचं. सुताराकडची नेहमीची छोटी गिट्टी तसबिरीसाठी ठीक आहे, या कामाला नाही.

प्लास्टर पकडीत मोजायचं नाही. आतलं प्लास्टर १५ मिमी धरलं तर त्यापुढे विटेत किमान ५० मिमी स्क्रू गेला पाहिजे. हेडरशिवाय थेट पट्टी लावली तर ६ + ३५ + १५ + ५०, म्हणजे १०६ मिमी स्क्रू लागतो. खोक्यातला स्क्रू बहुधा याहून आखूड असतो, आधी मोजून बघा. शिवाय स्पेसरचं अरुंद टोक प्लास्टरमध्ये रुतून ते चुरतं आणि महिनाभरात पट्टी सैल होते.

हेडर वापरताना पट्टीचे बोल्ट हेडरच्या मागून घाला. त्यांची डोकी लाकडात बुडवा, पुढून स्पेसर आणि पट्टी चढवून नट आवळा आणि मग अख्खा हेडर भिंतीला लावा. त्याचे अँकर वर-खाली नागमोडी, ३०० ते ४०० मिमी अंतराने. भोक पाडण्याआधी वायरिंगचा पाइप कुठून गेला आहे ते तपासा. स्विचबोर्डाच्या सरळ वर जाणारी उभी रेघ पूर्ण टाळावी.

उंची काढणं आणि लेव्हल

पट्टीची उंची कागदावरून काढू नका. दार आडवं ठेवून हँगर बसवा, चाकाच्या खाचेत पट्टी टेकवा आणि दाराच्या खालच्या धारेपासून पट्टीतल्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. त्यात खालची १२ मिमी मोकळीक मिळवा. हीच भिंतीवरची रेघ.

पण ती रेघ दोन्ही टोकांना फरशीपासून मोजून आखायची नाही, कारण फरशीला उतार असू शकतो. दार ज्या पट्ट्यात फिरणार तिथली फरशीची सर्वांत उंच जागा शोधा, तिथून एकदाच माप घ्या आणि पुढची रेघ लांब स्पिरिट लेव्हलने किंवा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने न्या. पट्टी सूतभर जरी तिरकी राहिली तरी दार आपोआप एका बाजूला सरकत राहतं. मग स्टॉपर कितीही आवळा, उपयोग नाही.

दार तयार करणं आणि चढवणं

या दाराला चौकटीचा आधार नसतो, त्यामुळे ते वाकलं की लगेच दिसतं. लॅमिनेट दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचं लावा. एकाच बाजूला लावलं की पावसाळ्यात दार धनुष्यासारखं होतं. वरची आणि खालची धारही पॉलिश किंवा रंगाने बंद करा, ओल तिथूनच शिरते.

हँगर दाराच्या कडेपासून ७५ ते १०० मिमी आत. भोक आरपार पाडा, पण अर्धं पुढून आणि अर्धं मागून, म्हणजे लॅमिनेटचा टवका उडत नाही. नुसत्या लाकडी स्क्रूवर दार लटकवू नका, आरपार बोल्टच हवा. पोकळ फ्लश डोअर या कामाला घेऊच नये, कडेच्या अरुंद लाकडी पट्टीपलीकडे बोल्टला धरायला काही नसतं. मागचा नट खोलगट भोकात बुडवा, तो बाहेर राहिला तर भिंतीवर रेघ ओढतो.

पट्टीचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला भिडत असेल तर स्टॉपर आधीच चढवून ठेवा. दार दोघांनी उचलायचं, एकट्याने नाही. दोन्ही चाकं एकदम पट्टीवर आणा. त्यानंतर वरच्या धारेवर चकत्या बसवा, त्यांची कड पट्टीखाली येईल अशी आणि मध्ये दोन-तीन मिमी मोकळं ठेवून. घासत असतील तर लाकूड थोडं खोल करा, चकती काढून टाकू नका.

गाइडची जागा ठरलेली असते: उघडण्याच्या त्या कडेला, जिकडे दार सरकतं. दार बंद असो की उघडं, तिथे त्याचा काही भाग असतोच. टी आकाराच्या गाइडसाठी दाराच्या खालच्या धारेत ७-८ मिमी रुंद आणि १५ ते २० मिमी खोल खाच पूर्ण लांबीभर पाडावी लागते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये भोक हॅमर बंद ठेवून, टाइलच्या बिटने आणि पाणी टाकत पाडा. बाथरूममध्ये फरशी फोडू नका, खालचं वॉटरप्रूफिंग जातं. तिथे भिंतीला बसणारा रोलर गाइड घ्या. खरं तर बाथरूमला हे दारच नको. वास, आवाज आणि वाफ कडेच्या फटीतून बाहेर येतात. एसीच्या खोलीचीही तीच अडचण. स्वयंपाकघर, अभ्यासाची खोली, कपड्यांची खोली, इथे ते शोभतं आणि चालतं.

मागच्या बाजूला उंचवट्याचं हँडल लावलं तर ते चौकटीला अडतं आणि दार तेवढं कमी उघडतं. मागे खोलगट, दारात बुडणारं हँडल, पुढे हवं ते. उंची फरशीपासून ९०० ते १००० मिमी.

नंतर काही बिघडलं तर

दार खालून झुलतंय: गाइड चुकीच्या जागी आहे किंवा खाच जास्त रुंद झाली आहे. चाक कर्कश वाजतंय: हँगर तिरका बसला आहे, चाकाची कड पट्टीला घासते. बोल्ट सैल करून हँगर ओळंब्यात आणा. एकाच ठिकाणी अडखळतंय: तिथे पट्टीच्या बोल्टचं डोकं किंवा नट हँगरला लागतंय किंवा पट्टी वाकली आहे. पट्टी मध्येच भिंतीपासून सुटलेली दिसली तर त्या भोकाचा प्लग फिरतोय. तो काढून जाड प्लग किंवा केमिकल अँकर घाला, नुसतं पुन्हा आवळू नका.

पट्टीला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. धूळ चिकटून काळा लेप होतो आणि तो चाकाबरोबर फिरतो. कोरड्या फडक्याने पुसणं पुरे. पहिल्या महिन्यानंतर सगळे नट एकदा पान्याने तपासा, लाकूड दबल्याने ते थोडे सैल झालेले असतात. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ घर असेल तर काळ्या पावडर कोटिंगच्या पट्टीवर चाक चालतं तेवढ्या धारेचा रंग आधी निघतो आणि गंज तिथेच धरतो. अशा ठिकाणी पट्टी, हँगर आणि बोल्ट तिन्ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. एकट्या पट्टीचं स्टील घेऊन बोल्ट साधे ठेवले तर पहिला गंज बोल्टला लागतो.