हॉटेलच्या भटारखान्यातील धुराचा डक्ट आतून कसा स्वच्छ करावा

तवा, कढई आणि भट्टीवरून उठणाऱ्या वाफेबरोबर तेलाचे बारीक कण वर जातात. हूडमधील, म्हणजे शेगड्यांवरच्या धूर गोळा करणाऱ्या छत्रीतील फिल्टर त्यांतले काही अडवतात आणि उरलेले डक्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळाच्या, पत्र्याला लागून चिकट्याच्या रूपाने साचत राहतात. हूडचा बाहेरचा पत्रा रोज पुसला जात असल्याने तो लखलखीत दिसतो, मात्र पेट घेतो तो आतला चिकटा, आणि ज्वाळा एकदा डक्टमध्ये शिरली की चालू ब्लोअर, म्हणजे धूर ओढणारा पंखा, तिला वर ओढून नेतो. तळमजल्यावर हॉटेल आणि मागच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत नेलेला डक्ट ही मुंबई-पुण्यातील नेहमीची रचना असल्याने हा धोका वरच्या बिऱ्हाडांनाही असतो.

तपासणी किती दिवसांनी करावी, यासाठी ‘एनएफपीए ९६’ हे अमेरिकी मानक उपयोगी पडते. कोळशावरचा तंदूर असल्यास दरमहा, चोवीस तास चालणाऱ्या किंवा चायनीजच्या कढया अखंड तापलेल्या असणाऱ्या भटारखान्यात दर तीन महिन्यांनी आणि मध्यम वापर असल्यास सहा महिन्यांनी डक्ट उघडून पाहावा. थर सुमारे २ मिलिमीटरचा झाला असेल, तर सफाई पुढे ढकलू नये.

काम हॉटेल बंद झाल्यावर, शेगड्या पूर्ण निवल्यानंतरच सुरू करावे. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, ब्लोअरचा वीजपुरवठा मेन स्विचपासून तोडून त्याला कुलूप लावावे आणि हूडमध्ये आपोआप आग विझवणारी यंत्रणा असल्यास ती तिच्या तंत्रज्ञाकडूनच तात्पुरती बंद करून घ्यावी. शेगड्या व ओटे जाड प्लॅस्टिकने झाकून हूडखाली त्याच प्लॅस्टिकची उतरती झोळी बांधावी, म्हणजे खाली येणारे घाण पाणी थेट पिंपात पडेल.

फिल्टर काढून गरम पाण्यात डिग्रीझर (चिकटा सोडवणारे रसायन) घालून भिजत ठेवावेत. इथे धातू पाहणे अगत्याचे आहे: स्टीलला चालणारा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्या क्रियेत पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या फिल्टरसाठी त्या धातूला चालणारे सौम्य द्रावणच घ्यावे. कॉस्टिक हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डोक्यावरच्या पत्र्यावर फवारलेले द्रावण अंगावरच ठिबकते.

सफाई वरून खाली करावी, म्हणजे आधी ब्लोअर, मग डक्ट आणि शेवटी हूड. ब्लोअरच्या पात्यांवर साचलेला चिकटा सगळ्या पात्यांवरून सारखा निघाला नाही, तर तोल बिघडून पंखा हादरू लागतो. डक्टमध्ये लगेच पाणी मारू नये. आधी खरवडणीने कोरडा थर उतरवावा, मग द्रावण मुरू द्यावे आणि त्यानंतर गरम पाण्याच्या दाबाने धुवावे. अनेक जुने डक्ट रिव्हेट मारलेल्या पत्र्याचे असतात आणि त्यांच्या सांध्यांतून पाणी गळते, तिथे खरवडून पुसून काढणेच बरे. सर्वाधिक चिकटा आडव्या भागाच्या तळाशी आणि वळणांवर सापडतो, आणि नेमकी तीच जागा हात पोहोचत नाही म्हणून सोडली जाते. त्यासाठी प्रत्येक वळणावर आणि आडव्या डक्टमध्ये सुमारे ३.७ मीटरवर उघडता येणारी झडप असावी. नसल्यास ती बसवून घेण्याचा खर्च मालकाने करावा, कारण एरवी अर्ध्याच सफाईचे पैसे पुनःपुन्हा मोजले जातात.

जोडणी करताना फिल्टरच्या पट्ट्या उभ्या राहतील असे बघावे. ते आडवे बसवले, तर तेल हूडच्या तबकात न उतरता खाचांत साचते. घाईत ही चूक सर्रास होते. तीन फेजच्या मोटरच्या तारा अदलाबदल झाल्यास ब्लोअर उलटा फिरतो, पण थोडी हवा तरीही ओढतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर विसंबू नये. आवरणावरच्या बाणाशी फिरण्याची दिशा ताडून पाहावी. पिंपातले तेलकट पाणी गटारात न ओतता ग्रीस ट्रॅपमधून (तेल अडवणाऱ्या टाकीतून) सोडावे आणि आग विझवणारी यंत्रणा पुन्हा चालू झाल्याची लेखी नोंद घ्यावी.

सफाई कंत्राटदाराला दिली असेल, तर बिल चुकते करण्यापूर्वी टॉर्च घेऊन प्रत्येक झडपेतून आत पाहावे, सफाईपूर्वीची व नंतरची आतली छायाचित्रे मागावीत आणि जिथे पोहोचता आले नाही त्या जागांची यादी अहवालात लिहून घ्यावी.