निवृत्त शर्यतीच्या घोड्याला लगामाचा संपर्क शिकवताना या चुका टाळा

मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेले अनेक थरोब्रेड घोडे पुढे घोडेस्वारीच्या शाळांमध्ये येतात. तिथे त्यांना संपर्क, म्हणजे स्वाराचा हात आणि घोड्याचे तोंड यांच्यात लगामातून राहणारा हलका, अखंड ताण, नव्याने शिकवावा लागतो. शर्यतीत बिटवर (लगामाला जोडलेल्या, तोंडातल्या दांडीवर) भार टाकून धावायची सवय जडल्यामुळे लगाम ताणला की वेग वाढवायचा, असेच त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. अशा घोड्याची मान लगाम मागे खेचून खाली आणणे ही सर्वांत मोठी चूक होय. मानेला बाक आला की घोडा तयार झाल्यासारखा दिसतो, परंतु नाक छातीकडे ओढून घेणारा घोडा बिट टाळत असतो. जर्मन प्रशिक्षणपद्धतीच्या सहा पायऱ्यांत ताल आणि सैलपणा यांनंतर, तिसऱ्या स्थानी संपर्क येतो, तो उगीच नव्हे; मागचे पाय जोमाने पोटाखाली येऊ लागले आणि पाठ सैल झाली, की घोडा स्वतःच मान पुढे लांबवून बिट शोधतो.

दुसरी चूक दयेपोटी होते आणि म्हणूनच ती लवकर लक्षात येत नाही. तोंड दुखू नये म्हणून स्वार लगाम सैल सोडतो. वळण आले की तोच लगाम एकदम ताणला जातो आणि जबड्याच्या ज्या दातविरहित भागावर बिट टेकते, जिथे हाडावर केवळ पातळ आवरण असते, तिथे हिसका बसतो. दोन-चार हिसक्यांनंतर घोडा कोणत्याही हातावर विश्वास ठेवत नाही. हलका पण अखंड ताण त्याला याहून कितीतरी सुखाचा वाटतो.

हात स्थिर ठेवणे म्हणजे तो एका जागी रोवणे नव्हे. साध्या चालीत आणि कँटरमध्ये (संथ दौडीत) घोड्याचे डोके पुढे-मागे हलते, म्हणून कोपरांनी त्याच्याबरोबर उघडायला व मिटायला हवे. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) डोके जवळजवळ स्थिर राहते, तेव्हा रिकिबीत उठबस करताना हात शरीराबरोबर वर-खाली जाऊ देऊ नयेत. हात स्थिर राहावेत म्हणून नवशिक्याने घोड्याच्या मानेभोवती चामडी पट्टा बांधून तो करंगळीत धरावा.

घोडा डोके फेकत असेल, तर आधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत, विशेषतः पहिल्या दाढेपुढचा लहान दात, आणि नाकपट्ट्याखाली दोन बोटे सहज जातात का ते पाहावे. घोडा हातावर ओझे टाकत असेल, तर त्याला उचलून धरू नये. ट्रॉटमधून साध्या चालीत आणि पुन्हा ट्रॉटमध्ये असे वारंवार बदल घ्यावेत. बिट आळीपाळीने डावीउजवीकडे ओढण्याचा प्रकार तर पूर्णपणे सोडून द्यावा.

वीस मीटरच्या वर्तुळावर ट्रॉट करताना लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्यावा. घोड्याने नाक पुढे-खाली नेत बिटचा पाठपुरावा केला, तर संपर्क खरा आहे. डोके वर गेले किंवा वेग वाढला, तर त्या दिवशी लगाम आखूड न करता पुन्हा तालावरच काम करावे.