परदेशातील कमी खर्चाच्या भटकंतीसाठी गाइडबुक कसे निवडावे

पाठीवरची सॅक, वसतिगृहातली खाट आणि लोकल बस एवढ्यावर परदेश पाहायचा असेल, तर विमानाचे तिकीट काढण्याआधी गाइडबुक निवडावे, कारण कोणत्या क्रमाने फिरायचे आणि कोणती गावे वगळायची हे त्यावरूनच ठरते. इंग्रजी गाइडबुके स्वस्त नसतात, त्यामुळे मुखपृष्ठ पाहून घेण्यापेक्षा ती थोडी पारखून घेतलेली बरी.

आधी मालिका ठरवावी. ‘लोनली प्लॅनेट’ १९७३ मध्ये अशाच स्वस्तातल्या प्रवासातून सुरू झाली आणि बस, सीमा, मुक्काम यांचा तपशील ही तिची बाजू बरीच वर्षे भक्कम राहिली. ‘रफ गाइड्स’ १९८२ ची. इतिहास आणि समाजजीवनावर तिच्यात अधिक वाचायला मिळते. ज्या देशांकडे इतर प्रकाशक फारसे वळत नाहीत, त्यांच्यासाठी ‘ब्रॅट’ पाहावी. ‘डीके’ची पुस्तके चित्रांमुळे देखणी असतात, पण गुळगुळीत कागदाचे ते वजन पाठीवर कशाला वाहायचे? ती घरी चाळावीत.

त्यानंतर शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडून आवृत्तीचे वर्ष वाचावे. छापलेले वर्ष प्रकाशनाचे असते आणि लेखकाची पाहणी बहुधा त्याच्याही वर्षभर आधीची असते, हे धरून चालावे. जुन्या प्रतीने किती फरक पडतो, हे लाओसवरून कळेल. व्हिएंतियान ते लुआंग प्रबांग हा घाटातला बसप्रवास पूर्वी सगळा दिवस खात असे. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि तेच अंतर दोन तासांच्या आसपास आले. त्याआधीच्या पुस्तकावर विसंबून आखणी करणाऱ्याचा एक दिवस बसमध्येच जाईल. भूतानचेही तसेच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा पुन्हा उघडल्यापासून भारतीय पर्यटकाला दर रात्री १२०० रुपये शुल्क भरावे लागते, आणि जुन्या आवृत्तीत त्याचा उल्लेखही सापडणार नाही. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून निम्म्या किमतीत मिळालेली प्रत म्हणूनच नेहमी स्वस्त पडते असे नाही. मात्र पुस्तकाचे सगळे भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत: हॉस्टेलांची नावे आणि भाडी दोन वर्षांत बदलतात, तर देवळांची माहिती, पायवाटा, पावसाळ्याचे महिने आणि चालीरीती वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे ज्या पुस्तकात हॉस्टेलांच्या याद्याच भरल्या आहेत ते घेऊ नये. मुक्कामाचे ताजे दर मोबाइलवर पाहता येतात.

यापुढची परीक्षा कोल्हापूरकराला घरबसल्या घेता येते. त्याच मालिकेचे भारतावरचे पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात किंवा एखाद्या मित्राकडे मिळाले, तर त्यातली कोल्हापूरची पाने काढावीत. आपल्या शहराला त्यात जागा थोडीच असते, पण तेवढ्यावरून लेखकाचा हात ओळखता येतो. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा आणि नवा राजवाडा यांची नावे कोणीही लिहील. पन्हाळ्याची एसटी कोठून पकडायची हे सांगितले आहे, की ‘टॅक्सी करावी’ एवढ्यावर बोळवण केली आहे? तालमीत कुस्तीचा सराव पाहायचा तर पहाटे उठावे लागते, हे लिहिले आहे का? तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर दोन ओळी आहेत, पण शाकाहारी माणसाने कोठे जेवावे याचा पत्ताच नाही, असे तर नाही? आपल्याला ठाऊक असलेल्या गावात जो लेखक बसस्थानकापर्यंतही पोहोचलेला नाही, तो अनोळखी गावात पोहोचला असेल यावर भरवसा ठेवण्याचे कारण नाही. (लेखक वेगवेगळे असतात हे खरे, पण संपादनाची शिस्त मालिकेचीच असते.)

दुसरी गोष्ट पासपोर्टची. ही पुस्तके मुख्यतः ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन वाचकांसाठी लिहिलेली असतात. नेपाळच्या प्रकरणात पंधरा दिवसांच्या व्हिसासाठी ३० डॉलर असे छापलेले दिसेल, पण भारतीयाला तेथे व्हिसाच लागत नाही आणि मतदार ओळखपत्रावरही प्रवेश मिळतो. युरोपात याच्या उलट होते: ज्या देशांत त्या वाचकांना थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाता येते, तेथे आपल्याला आधी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) काढावा लागतो. व्हिसाचे पान त्यामुळे वाचून सोडून द्यावे आणि त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे.

‘बजेट’ या शब्दाचा अर्थही प्रत्येक पुस्तकात निराळा असतो. सुरुवातीच्या पानांत किंवा प्रकरणाच्या आरंभी किमतींच्या खुणांची किल्ली दिलेली असते. सर्वांत स्वस्त खुणेची मर्यादा रुपयांत करून पाहावी. ती आपल्या रोजच्या खर्चाच्या दुप्पट निघाली, तर ते पुस्तक आपल्यासाठी लिहिलेले नाही. जुने दर आकड्यांपेक्षा प्रमाण म्हणून वाचावेत: खाजगी खोली सामाईक खोलीतल्या खाटेच्या तिप्पट असेल, तर पुढेही साधारण तेवढीच राहते.

नकाशे पाहताना बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि स्वस्त मुक्कामाचा भाग एकाच नकाशावर येतो का, ते तपासावे. ई-बुक हलके पडते, पण लहान पडद्यावर दोन पानांचा नकाशा वाचणे त्रासाचे असते, म्हणून आधी विनामूल्य नमुना प्रकरण उतरवून आपल्याच मोबाइलवर उघडून बघावे. छापील प्रत घेतल्यास अनेक देशांचे हजारभर पानांचे पुस्तक सबंध नेऊ नये. जेथे जायचे आहे तेवढी प्रकरणे ब्लेडने कण्यापासून सोडवून, जाड कागदाचे वेष्टन घालून स्टेपल करावीत आणि उरलेले पुस्तक घरी ठेवावे. परतल्यावर ती पुन्हा त्यात घालून कोपऱ्यावरच्या बाइंडरकडून शिवून घेता येतात.