खुल्या नाट्यगृहात नॉयर थ्रिलर बसवताय? आधी अंधार सांभाळा

जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात नॉयर, म्हणजे गडद सावल्यांचं क्राइम थ्रिलर करायचं असेल तर स्क्रिप्टच्या आधी अंधाराचं बघा. वर छत नाही, मे महिन्यात ७ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणून पडदा ८:३० च्या आत उघडूच नका, आणि आदल्या रात्री मागच्या रांगेत बसून रस्त्यावरचे दिवे कुठून आत येतात ते बघून घ्या. समोरून फ्लॅट, म्हणजे सगळीकडे सारखा लाइट मारला की नॉयर संपला! विंगेतून उंचावर एक प्रोफाइल स्पॉट (रेखीव कडांचा झोत टाकणारा दिवा) लावा, त्याच्या गेटमध्ये (बल्ब आणि भिंगामधल्या खाचेत) पट्ट्या कापलेला पत्र्याचा गोबो, म्हणजे सावलीचा साचा टाका (पुठ्ठा नको, जळतो), मग इन्स्पेक्टरच्या तोंडावर खिडकीच्या झडपांची सावली पडते, अर्धा चेहरा काळाच राहू द्या. धुराच्या मशीनवर पैसे घालू नका, वारा सगळा धूर उडवून नेतो. गोळीच्या आवाजाला स्टेजमागे वेगळा स्पीकर ठेवा. आणि खुन्याला अहिराणी बोलू द्या ना भाऊ, "काय करी राहिना तू?" हे त्याने शांतपणे, न ओरडता विचारलं ना, तर आपल्या पब्लिकला जो काटा येतो तो पुस्तकी मराठीत येत नाही, फक्त त्यासाठी कॉलर माइक चांगला घ्या.