डॉपलर आणि जीपीएस : हेलिकॉप्टर दिक्चालनात नव्याने येणाऱ्यांसाठी

लष्करी हेलिकॉप्टरच्या दिक्चालनाचे (नॅव्हिगेशनचे) काम हाती आले तेव्हा मी कालमन फिल्टरची, म्हणजे अनेक उपकरणांची सदोष मोजमापे एकत्र करून सर्वांत संभाव्य उत्तर काढणाऱ्या गणिती पद्धतीची, समीकरणे पाठ करून गेलो होतो आणि पहिले काही महिने त्या पाठांतराचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोगी पडले ते डॉपलर रडार आणि जीपीएस या दोन उपकरणांच्या चुकांचे स्वभाव ओळखणे. अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

हेलिकॉप्टरच्या पोटाखालचे डॉपलर रडार साधारण १३.३२५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे तिरके झोत जमिनीकडे सोडते आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून जमिनीच्या संदर्भातला वेग काढते. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करावे : तरंगलांबी २.२५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ५० मीटर आणि झोताचा उड्डाणदिशेशी कोन ७० अंश धरला, तर हा फरक सुमारे १,५२० हर्ट्झ येतो. पुढच्या आणि मागच्या झोतांची वजाबाकी केली की नाक किंचित वर-खाली झाल्याने येणारी चूक बरीचशी निघून जाते.

मात्र हा वेग ‘पुढे इतका, उजवीकडे इतका’ असा मिळतो. उत्तर दिशा कुठे आहे हे डॉपलरला ठाऊक नसते. ते होकायंत्र किंवा जायरो (दिशा धरून ठेवणारे उपकरण) सांगतात आणि तिथे एका अंशाची चूक असेल तर १०० किलोमीटरच्या उड्डाणात हेलिकॉप्टर सुमारे पावणेदोन किलोमीटर बाजूला सरकते. महाराष्ट्रात चुंबकीय दिक्पात (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर दिशा यांतला कोन) अगदी थोडा असल्यामुळे आपल्याकडचे विद्यार्थी या विषयाकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय वेध अलिबागला न्यावे लागले आणि १९०४ पासून ते तिथे घेतले जाऊ लागले. विजेच्या तारा आणि लोखंड यांनी भरलेल्या हेलिकॉप्टरमध्ये होकायंत्राची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

जीपीएसचा स्वभाव याच्या उलट आहे. त्याची चूक अंतराबरोबर वाढत नाही; परंतु सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा संदेश इतका क्षीण असतो की शत्रूला तो रेडिओ-गोंगाटात बुडवता येतो. म्हणूनच अमेरिकी सेनेने ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवरील एएसएन-१२८ हे डॉपलर उपकरण काढून टाकले नाही, तर एएसएन-१२८बी या सुधारित आवृत्तीत जीपीएस त्याच्याच जोडीला बसवले. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने हे उदाहरण अवश्य पाहावे.

आता मुख्य मुद्दा. जीपीएस आहे तोवर फिल्टर केवळ स्थान सुधारत नाही, तो डॉपलरच्या चुका शिकून घेतो. वेगाची बेरीज करत डॉपलरने काढलेले स्थान मार्गाच्या दिशेत मागे-पुढे पडू लागले, तर वेगाच्या मापात खोट आहे. आडवे सरकू लागले, तर हेडिंगमध्ये, म्हणजे नाक कोणत्या दिशेला आहे याच्या मापात, आहे. एका जागी तरंगत असताना यातले काहीच कळत नाही. समुद्रावर हा प्रश्न आणखी बिकट होतो. शांत पाण्यावरून झोताचा उभ्या दिशेकडचा भाग जास्त परततो, त्यामुळे वेग किंचित कमी दिसतो. शिवाय पाणी स्वतः वाहत असते. सेकंदाला ६० मीटर वेगाने जाताना एक मीटरचा आडवा प्रवाह हेडिंगच्या सुमारे एक अंशाच्या चुकीसारखाच दिसतो. मुंबईच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हवाई तळावरून समुद्रावर जाणाऱ्या वैमानिकांच्या बाबतीत ही अडचण पुस्तकी नाही. हा गुंता सुटतो तो वळण घेतल्यावर : प्रवाहाची दिशा पृथ्वीच्या संदर्भात तीच राहते, हेडिंगची चूक मात्र हेलिकॉप्टरबरोबर फिरते.

वळणांनीच मला एकदा चकवलेही होते. उड्डाणाच्या नोंदी तपासताना सरळ मार्गावर सारे उत्तम जुळत होते. वळणात मात्र फिल्टर हेडिंगमध्ये सव्वा अंशाच्या आसपास चूक दाखवत असे आणि डावे-उजवे वळण बदलले की तिचे चिन्ह बदलत असे. तीन आठवडे मी फिल्टरचे आकडे बदलत राहिलो. अखेरीस लक्षात आले की हेडिंगच्या नोंदी ०.४ सेकंद उशिरा पोहोचत होत्या आणि सेकंदाला तीन अंशांच्या वळणात त्याची चूक १.२ अंश होते. तेव्हापासून कोणतीही नोंद हाती आली की मी आधी वेळा जुळवतो. फिल्टरला हात नंतर लावतो.

पदवीच्या वर्षांत रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांवर जितका वेळ देता येईल तितका द्यावा. गुप्त माहिती हाती येण्याची वाट पाहू नये. स्वतः प्रोग्राम लिहून कृत्रिम उड्डाण तयार करावे, वीस मिनिटांनी त्यातले जीपीएस बंद करावे आणि पुढच्या दहा मिनिटांत एकटे डॉपलर किती भरकटते ते मोजावे. हाच प्रयोग समुद्रावरील प्रवाह धरून दोनदा करावा : एकदा जीपीएस जाण्यापूर्वी सरळच उडून, आणि एकदा त्याआधी ९० अंशांचे एक वळण घेऊन.