100 डब्ल्यू शेवटच्या सेमिस्टरसाठी ठेवू नका

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या आया मला हमखास विचारतात, "ताई, कॉम्प्युटर सायन्सवाल्याला निबंध कशाला लिहायला लावतात?" मी लेखनाची शिकवणी घेते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडेच येतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांनी 1976 मध्येच ठरवलं की लेखनाची पात्रता सिद्ध केल्याशिवाय पदवी नाही. विषय कुठलाही असो. सॅन होजे स्टेट याच युनिव्हर्सिटीचा भाग आहे, आणि तिथे ही अट '100 डब्ल्यू' नावाच्या लेखनाच्या कोर्सने पूर्ण होते.

आधी वेळेचं बघा. या कोर्सला बसायला 60 युनिट (म्हणजे क्रेडिट) आणि पहिल्या वर्षाचं इंग्लिश कंपोझिशन, म्हणजे निबंधलेखन, झालेलं लागतं. डी अँझासारख्या कम्युनिटी कॉलेजातून बदली घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथल्या क्वार्टर पद्धतीची 90 युनिट म्हणजे इथल्या सेमिस्टर पद्धतीची 60. म्हणजे तुम्ही येता तेच या कोर्सच्या दारात. मग पहिल्याच सेमिस्टरला घेऊन मोकळे व्हा. जागा पटापट भरतात, आणि पास व्हायला 'सी' लागतो, 'सी मायनस' चालत नाही. शेवटच्या सेमिस्टरला 'सी मायनस' आला की पदवी लांबली.

सीनियरांचे सल्ले जपून ऐका. पूर्वी कोर्सच्या आधी डब्ल्यूएसटी (रायटिंग स्किल्स टेस्ट) नावाची लेखनाची चाचणी द्यावी लागायची, ती कोविडच्या काळात थांबली. तिच्या तयारीची जुनी पुस्तकं कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

आपल्या शाखेचाच 100 डब्ल्यू घ्या. इंजिनिअरिंगचा वेगळा असतो, बिझनेसचा वेगळा. इंजिनिअरिंगवाल्यांना रिपोर्ट लिहायचे असतात, आणि ते पुढे नोकरीतही लिहावेच लागतात.

आता खरं काम, म्हणजे लिहिणं. आपल्या मुलांचं व्याकरण बहुतेक वेळा ठीक असतं, घोडं अडतं ते पहिल्या परिच्छेदात. पाण्यावर लिहायला सांगितलं की सुरुवात होते 'पाणी हे जीवन आहे' इथून, आणि मुद्दा येतो दुसऱ्या पानावर. शाळेत याला प्रस्तावना म्हणून मार्क मिळायचे, इथला प्राध्यापक समासात लिहितो, 'सो व्हॉट?' त्याऐवजी हे बघा: 'एप्रिल 2015 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरांचा पाणीवापर 25 टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला; पण राज्यात माणसं वापरतात त्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के शेतीला जातं, म्हणून नुसत्या शहरी कपातीने दुष्काळ हाताळता येणार नव्हता.' एका वाक्यात दावा आला, कारण आलं, आणि वाद घालायला जागाही राहिली. पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याला काय देतो, एवढंच तपासा. जो काहीच देत नाही तो काढून टाका, कितीही सुंदर असला तरी.

विरुद्ध बाजूही स्वतःच मांडा. 'शेतीचं पाणी तोडलं तर सेंट्रल व्हॅलीतले (कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातले) मजूर काय खाणार?' हे तुम्हीच विचारून उत्तर दिलंत, तर वाचणारा तुमचं ऐकतो.

संदर्भांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. मूळ वाक्यातले चार शब्द बदलले म्हणजे ते तुमचं होत नाही. लेख मिटा, पाच मिनिटांनी आठवेल ते लिहा, मग ताडून बघा. तरीही स्रोत द्यायचाच. संदर्भ देण्याची पद्धत एपीए की आयईईई, ते कोर्सच्या सिलॅबसमध्ये दिलेलं असतं. चॅटजीपीटी कितपत चालेल, तेही तिथेच वाचा. नसेल लिहिलेलं तर तोंडी नको, ईमेलने विचारा.

पहिला मसुदा घेऊन रायटिंग सेंटरला जा, फुकट असतं. पण आदल्या रात्री सुचलं तर उपयोग नाही, आठवडाभर आधी वेळ घ्या. तिथे "व्याकरण तपासून द्या" म्हणू नका, "माझा दावा तुम्हाला कुठे सापडला?" असं विचारा.