मृत्युपत्र करायचंय? कचेरीत जायच्या आधी एवढी तयारी करा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जमिनीवरनं कोर्टात गेलेली घरं काय कमी नाहीत, आणि त्यातल्या कितीतरी घरात म्हाताऱ्या माणसानं वेळेत दोन पानं नीट लिहून ठेवली असती तर भाऊ-भाऊ आज एका पंगतीला बसले असते असं मला मनापासून वाटतं. मृत्युपत्राचा विषय काढला की आज्जी-आबांना वाटतं पोरं आपल्या मरणाची वाट बघताहेत. म्हणून हा विषय पोरांनी काढू नये, घरातल्या मोठ्यांनीच धडधाकट असताना स्वतःहून काढावा.

पहिलं काम उताऱ्यांचं. शेताचा उतारा म्हणजे आरटीसी, ती कर्नाटक सरकारच्या भूमी साइटवर नाहीतर नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत, मिळते. घर पंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे, नऊ आणि अकरा नंबरचे फॉर्म घ्या, शहरात असेल तर महापालिकेचा ई-खाता आणि सिटी सर्वेचा उतारा. पलीकडं महाराष्ट्रात चंदगड नाहीतर गडहिंग्लजला जमीन असेल तर तिचा सातबारा वेगळा काढा. एकाच मृत्युपत्रात दोन्हीकडची जमीन घालता येते, दोन करायची गरज नाही, फक्त सर्वे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र उताऱ्यावर आहे तसंच उतरवा, कारण इकडं एकर-गुंठे आणि तिकडं हेक्टर-आर, मनानं हिशोब करून लिहिलं की घोळ झालाच. "डोंगराकडचं शेत" असं तर अजिबात लिहू नका. 1956 च्या आधी आपण मुंबई राज्यात होतो त्यामुळं जुने कागद मराठीत, काही मोडीतसुद्धा सापडतात, ते टाकून न देता जाणकाराकडनं वाचून घ्या.

मग नावं. उताऱ्यावर लक्ष्मण, आधारवर लखमू, बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, हे आपल्याकडं घरटी आहे. जेवढी नावं चालतात तेवढी ऊर्फ लावून सगळी लिहा, देणाऱ्याची पण आणि घेणाऱ्याची पण.

आता आपलं काय आणि आपलं नाही काय ते बघा. स्वकष्टार्जित असेल तर कुणालाही द्या, वडिलार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. लेकींना सोडून लिहिणारे अजून खूप आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलार्जितात लेकीला जन्मानं मुलाएवढाच हक्क आहे, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात नव्हता तरी आहे असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय, तो हक्क बापाच्या मृत्युपत्रानं जात नाही. बायकोचं स्त्रीधन, तिच्या अंगावरचं सोनं हे नवऱ्याच्या मृत्युपत्रात घालायचं नसतंय, ते तिचं आहे. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं पण समजू नका, नॉमिनीच्या हातात पैसे येतात पण वारसांचा हक्क तसाच राहतो. मुस्लिम घरात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही, आणि ख्रिश्चन घरात साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला दिलेलं रद्द ठरतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मृत्युपत्र ज्याचं, त्याला ते कळलं पाहिजे. आपल्याकडं कचेरीच्या दारात टायपिंगवाले पटापट कन्नडमध्ये करून देतात, आज्जीला कन्नड वाचता येत नाही, पोरगा सांगतो "आज्जी, हितं अंगठा लाव" आणि आज्जी शाईत बुडवलेला अंगठा प्रत्येक पानाच्या खाली दाबते, काय लिहिलंय विचारलं तर म्हणते पोरानं सांगितलं तसंच असंल. उद्या दुसऱ्या लेकीनं कोर्टात नेलं की वकिलाचा पहिला प्रश्न हाच, म्हातारीला हे वाचता येत होतं काय? कायद्यानं मृत्युपत्र कुठल्याही भाषेत चालतं, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्युटी नाही. तर मग मराठीत करा ओ! नोंदणीला अडचण येऊ नये म्हणून कन्नड भाषांतर सोबत न्या. आणि कन्नडमध्येच करायचं ठरलं तर "मला मराठीत वाचून दाखवलं, समजलं, बरोबर आहे" हे वाक्य घाला, वाचून कुणी दाखवलं त्याचं नाव घाला, आणि खरंच वाचून दाखवा, सावकाश, आज्जीला मध्ये थांबवून विचारू द्या.

साक्षीदार किमान दोन, त्या दोघांनी देणाऱ्याला सही करताना किंवा अंगठा लावताना डोळ्यांनी बघितलेलं असावं आणि देणाऱ्याच्या समोर स्वतः सह्या कराव्यात. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका, संशयाला जागा नको. देणाऱ्याच्या वयाचेच दोस्त पण नकोत, कारण पुढं कोर्टात निदान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, म्हणून वयानं लहान, गावात राहणारे, धड बोलणारे बघा. वय झालेलं असेल, आजारपण असेल तर त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरकडनं शुद्धीवर आणि समजूतदार असल्याचं सर्टिफिकेट घ्या. कुणाला कमी दिलं असेल तर कारण एका ओळीत लिहा, "थोरल्याला दुकान घालून दिलंय" एवढं सुद्धा पुरतं.

नोंदणी सक्तीची नाही पण कराच, सबरजिस्ट्रारकडं देणाऱ्यानं स्वतः जायचं, आधार आणि दोन्ही साक्षीदार सोबत. गुपित ठेवायचं असेल तर बंद पाकीट सील करून जिल्हा रजिस्ट्रारकडं ठेवता येतं. मन बदललं तर पेनानं खाडाखोड करू नका, नवीन करा, तारीख घाला, शेवटचं जे असतं तेच धरतात.

आणि कुठं ठेवलंय ते एका तरी विश्वासू माणसाला सांगून ठेवा, कारण नंतर इकडं नाव चढवायला, तिकडं फेरफार करायला, दोन्हीकडच्या कचेरीत त्याच कागदाच्या प्रती आणि मृत्यूचा दाखला घेऊन जावं लागतं, तेव्हा दाखल्याच्या चार-पाच प्रती सुरुवातीलाच काढून घ्या.